कोरी टेनाइक यांचा ठपका कितपत खरा? कॅनडातले पक्ष, रणनीतीकार आणि टीव्हीवरचे पंडित

अटकमटक · २० नोव्हेंबर २०२५, सकाळी ९:१०

सोमवारी पंतप्रधान मार्क कार्नी यांच्या लिबरल सरकारचा अर्थसंकल्प १७० विरुद्ध १६८ असा काठावर पास झाला. जानेवारीअखेर कॅल्गरीत विरोधी कन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे नेते पियरे पॉलिएव यांच्या नेतृत्वावर पक्षाचे प्रतिनिधी मत देणार आहेत. म्हणजे "एप्रिलमध्ये कन्झर्व्हेटिव्ह हरले कसे" हे गुऱ्हाळ तोवर चालूच राहणार. त्यातलं सगळ्यात गाजलेलं मत एकदा आकड्यांवर घासून बघावं, म्हणून हा धागा.

मत कोरी टेनाइक यांचं. माणूस कोण ते आधी सांगतो. २००८-०९ मध्ये पंतप्रधान स्टीफन हार्पर यांचे संपर्कप्रमुख. पुढे सन न्यूज नेटवर्क या उजव्या कलाच्या वाहिनीचे कर्तेधर्ते. ती २०११ मध्ये सुरू झाली आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये बंद पडली. नंतर ऑन्टारियो प्रांताचे प्रीमियर (मुख्यमंत्री) डग फोर्ड यांच्या तिथल्या तिन्ही विजयी मोहिमा, २०१८, २०२२ आणि फेब्रुवारी २०२५. शिवाय स्वतःची रुबिकॉन नावाची सल्लागार संस्था आहेच, आणि माजी लिबरल पंतप्रधान पॉल मार्टिन यांचे जुने रणनीतीकार डेव्हिड हर्ली यांच्यासोबत एक पॉडकास्टही.

एप्रिलमध्ये फेडरल (देशपातळीवरची) मोहीम ऐन रंगात असताना त्यांनी आपल्याच विचाराच्या पक्षाची उघड हजेरी घेतली. मुद्दे तीन. पंचवीस गुणांची आघाडी घालवणं हा मोहीम चालवणाऱ्यांचा घोर हलगर्जीपणा. मतदाराच्या डोक्यात ट्रम्प आणि टॅरिफ, तर मोहीम मात्र माजी पंतप्रधान ट्रूडो आणि कार्बन कराच्या जुन्या पाठावर अडकलेली. आणि तिसरं, पॉलिएव यांची भाषा, टोपणनावं ठेवायची सवय, सगळंच ट्रम्पसारखं वाटतं. फोर्ड यांनी त्यांना गप्प केलं नाही, उलट पाठराखण केली.

माझं म्हणणं असं: दुसरा मुद्दा बिनतोड आहे. पहिला मात्र आकड्यांत बसत नाही, आणि पंडितांनी उचलून धरला तो नेमका पहिलाच.

जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला बहुतेक चाचण्यांच्या सरासरीत कन्झर्व्हेटिव्ह ४४-४५ टक्क्यांवर, लिबरल २०-२१ वर. २८ एप्रिलला कन्झर्व्हेटिव्हांना मिळाले ४१.३ आणि लिबरलांना ४३.८. म्हणजे कन्झर्व्हेटिव्ह घसरले तीन-चार गुण आणि लिबरल चढले वीसहून जास्त. "आघाडी घालवली" म्हटलं की असं वाटतं, कन्झर्व्हेटिव्हांची मतं लिबरलांकडे पळाली. थोडी पळाली, पण मोठा साठा आला तो एनडीपी या डाव्या पक्षाच्या कोठारातून. १९८८ नंतर कॅनडातल्या कुठल्याही कन्झर्व्हेटिव्ह पक्षाला ४१ टक्के मिळालेले नव्हते. हार्पर यांनी २०११ मध्ये पूर्ण बहुमत मिळवलं ते ३९.६ वर.

बोला आता.

पडवी · सकाळी ९:३४

रुमाल टाकून ठेवते. सविस्तर रात्री.

हिशेबी · सकाळी १०:०२

अटकमटक, तुमच्या हातात याहून मोठा पुरावा आहे आणि तो तुम्ही वापरलाच नाहीत. एकाच प्रांतातल्या दोन निवडणुका, मध्ये फक्त दोन महिने:

ऑन्टारियो प्रांतिक, २७ फेब्रुवारी २०२५. फोर्ड यांचे पीसी (प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्ह, प्रांतातले कन्झर्व्हेटिव्ह) ४३ टक्के, १२४ पैकी ८० जागा. लिबरल ३० टक्के, १४ जागा. एनडीपी साडेअठरा टक्के, २७ जागा.

ऑन्टारियोतल्या फेडरल जागा, २८ एप्रिल २०२५. कन्झर्व्हेटिव्ह सुमारे ४४ टक्के, १२२ पैकी ५२ जागा. लिबरल सुमारे ४९ टक्के, ७० जागा. एनडीपी ५ टक्क्यांच्या आसपास, जागा शून्य.

ज्यांच्या मोहिमेला हलगर्जी म्हटलं, त्यांना ऑन्टारियोत टेनाइक यांच्या उमेदवारापेक्षा किंचित जास्तच मतं पडली. फरक समोरच्या बाजूला आहे. फोर्ड यांच्या विरोधातली मतं ३० आणि साडेअठरा अशी फुटली, पॉलिएव यांच्या विरोधातली एका ठिकाणी गोळा झाली. एवढंच.

आणि फोर्ड यांनी ही निवडणूक जून २०२६ ऐवजी सव्वा वर्ष आधी घेतली, "टॅरिफशी लढायला भक्कम कौल द्या" म्हणून. जागा ८३ वरून ८० झाल्या. विजय दणदणीतच, पण चमत्कार वगैरे म्हणावं असं काही झालेलं नाही.

झणझणीत · सकाळी ११:२०

हिशेबी, आकडे चोख. निष्कर्ष अर्धाच.

समोरची मतं गोळा झाली हे आकाशातून पडलेलं संकट नव्हतं. कन्झर्व्हेटिव्हांनी स्वतः हातभार लावला. मार्च २०२२ पासून एनडीपीने ट्रूडो सरकारला करार करून टेकू दिला होता, तो ४ सप्टेंबर २०२४ ला एनडीपीचे तेव्हाचे नेते जगमीत सिंग यांनी मोडला. त्या आधी आणि नंतर कन्झर्व्हेटिव्हांनी जाहिरातींचा मारा कुणावर केला? सिंग यांच्यावर. निवृत्तिवेतनासाठी सरकार टिकवतात, विकले गेले, वगैरे. जिंकण्यासाठी तुम्हाला एनडीपी १८-१९ टक्क्यांवर जिवंत हवा आहे, आणि तुम्ही त्याच्याच नेत्याला दीड वर्ष बदडताय! एनडीपी २०२१ च्या १७.८ वरून ६.३ वर आला. त्या साडेअकरा गुणांतला मोठा वाटा लिबरलांकडे गेला. कुठलाही जुना कन्झर्व्हेटिव्ह रणनीतीकार सांगेल की एनडीपीला खतपाणी घालायचं असतं, उपटायचं नसतं.

टेनाइक यांचा हलगर्जीपणाचा आरोप या अर्थाने घेतला तर शंभर टक्के लागू पडतो. त्यांनी दिलेलं कारण वेगळं होतं, ती गोष्ट निराळी.

दुसरं म्हणजे वेळापत्रक. ६ जानेवारीला ट्रूडो यांनी पायउतार होणार म्हणून जाहीर केलं. २० जानेवारीला ट्रम्प यांचा शपथविधी. ९ मार्चला कार्नी ८५.९ टक्क्यांनी पक्षाचे नेते. १४ मार्चला शपथ घेतली आणि त्याच दिवशी ग्राहकांवरचा कार्बन आकार १ एप्रिलपासून शून्यावर आणायचा निर्णय. दोन वर्षं कार्बन कर हटवायच्या ज्या घोषणेवर टी-शर्ट छापले ती घोषणा एका सहीत शिळी झाली. २३ मार्चला निवडणूक जाहीर. ट्रूडो जाणार हे कळल्यापासून नवं भाषण, नव्या जाहिराती, नवा मुख्य मुद्दा ठरवायला अडीच महिने हातात होते. ते का वापरले नाहीत, हा प्रश्न टेनाइक यांचा आणि तो रास्त आहे.

कुंपणावरचा · दुपारी १२:०५

दोघांचंही पटतंय, त्यामुळे पंचाईत. एक विचारू? पक्षांतर्गत भांडण किती आणि विश्लेषण किती? फेडरल मोहीम चालवणाऱ्या जेनी बर्न आणि फोर्ड गट यांच्यात आधीपासून धुसफूस होती ना?

रानजाई · दुपारी १:१५

भांडण जुनं आहे आणि माणसं तीच आहेत. जेनी बर्न यांनी हार्पर यांची २०११ ची जिंकलेली आणि २०१५ ची हरलेली अशा दोन्ही मोहिमा चालवल्या. २०१८ मध्ये त्या काही काळ फोर्ड यांच्या कार्यालयातही होत्या. टेनाइकही हार्पर यांच्याच तालमीतले. कॅनडाच्या उजव्या राजकारणात वरच्या पातळीवर मोहीम चालवू शकणारी माणसं मोजकी, त्यामुळे प्रत्येक जण कधी ना कधी दुसऱ्याचा सहकारी किंवा प्रतिस्पर्धी असतोच.

पण हेतूवर बोट ठेवून मत खोटं ठरत नाही. हेतू कळला की वजन किती द्यायचं ते ठरवता येतं. टीव्हीवर "रणनीतीकार" अशी पट्टी लावून बसलेल्या कुणाचंही बोलणं ऐकताना पुढचं तपासा. पाच मिनिटांचं काम.

नाव लॉबिंग नोंदवहीत शोधा. फेडरल नोंदवही लॉबिंग आयुक्तांची, ऑन्टारियोची तिथल्या इंटिग्रिटी कमिशनरांची. दोन्ही सगळ्यांना खुल्या. अशील कोण, विषय कोणता, कुठल्या खात्याशी संपर्क, सगळं दिसतं. फेडरल नोंदवहीत मंत्री, खासदार, वरिष्ठ अधिकारी यांच्याशी आधी ठरवून झालेल्या तोंडी बोलण्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावा लागतो. त्यामुळे नोंदवही ताजी असते.

मग बघा की हा माणूस शेवटची मोहीम कुठल्या पातळीवर आणि कधी लढला. चॅनेलवर "माजी कन्झर्व्हेटिव्ह सल्लागार" एवढंच लिहितात. पंधरा वर्षांपूर्वी मंत्र्याच्या कार्यालयात दोन वर्षं काढलेला आणि गेल्या वर्षी अख्ख्या प्रांताचं नियोजन केलेला, दोघांना पट्टी एकच.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बोलणाऱ्याकडे अंतर्गत चाचण्या आहेत का. टेनाइक यांच्याकडे होत्या. फोर्ड यांच्या मोहिमेने फेब्रुवारीत ऑन्टारियोतल्या मतदाराला टॅरिफबद्दल भरपूर विचारून घेतलं होतं, म्हणूनच मतदाराच्या मनातला प्रश्न कोणता ते त्यांनी अचूक सांगितलं. पॅनेलवरच्या बाकीच्यांकडे असतात सकाळी छापून आलेले आकडे, जे तुमच्याआमच्याकडेही असतात.

सीबीसी आणि सीटीव्हीच्या संध्याकाळच्या कार्यक्रमांत पॅनेल साधारण एक लिबरल, एक कन्झर्व्हेटिव्ह, एक एनडीपी असं भरतात. संतुलन दिसतं खरं, पण तिघांचाही पोटापाण्याचा धंदा बहुधा शासकीय संबंधांचा, म्हणजे लॉबिंगचाच. उद्या ज्याच्या दारात जायचं त्याच्यावर आज किती तोंडसुख घ्यायचं, हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक असतं. त्या तुलनेत सीबीसीवरचं शांताल एबेर, अँड्र्यू कॉइन, अल्थिया राज यांचं पॅनेल पत्रकारांचं आहे. तिथे चुका होतात, पण अशील नसतात.

झणझणीत · दुपारी १:३१

+१. शेवटचं वाक्य चौकटीत लावा.

सरळरेषा · दुपारी ३:४०

पंचवीस गुणांची आघाडी, पंचवीस गुणांची आघाडी... हा आकडा कसा वाचायचा ते कुणीच सांगत नाही, म्हणून थोडं गणित.

१,००० जणांच्या यादृच्छिक नमुन्यात त्रुटीची मर्यादा अधिक-उणे ३.१ गुण. ही एका पक्षाच्या आकड्यावरची. दोन पक्षांमधल्या अंतरावरची मर्यादा जवळपास दुप्पट असते. ४५ विरुद्ध ४१ असेल तर चार गुणांच्या आघाडीवर अधिक-उणे ५.७. म्हणजे ही "आघाडी" शून्यही असू शकते. टीव्हीवर हे वाक्य ऐकलंय कधी?

प्रांतवार तुकडे आणखी घातक. देशभराच्या १,००० मध्ये ऑन्टारियोचे साधारण ३८५, म्हणजे अधिक-उणे ५. क्युबेकचे सव्वादोनशे-अडीचशे, अधिक-उणे साडेसहा. अटलांटिकच्या चारही प्रांतांचे मिळून सत्तरच्या आत, अधिक-उणे १२. "अटलांटिकमध्ये लिबरल नऊ गुणांनी उसळले" असं कुणी पन्नास-साठ माणसांच्या उत्तरांवरून म्हणाला, तर तो निव्वळ योगायोगाचा चढउतार आहे, बातमी नाही.

नॅनोससारख्या चाचणीसंस्थांच्या रोजच्या चाचण्या तीन दिवसांच्या फिरत्या नमुन्यावर चालतात: रोज चारेकशे नवे लोक आत, सर्वांत जुने चारशे बाहेर. आजचा आणि कालचा आकडा यांत दोन-तृतीयांश माणसं तीच. एका रात्रीत जनमत खरोखर सहा गुणांनी हललं तर पहिल्या दिवशी दिसणार दोन, दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशी सहा. पंडित याला "वाढता जोर" म्हणतात. तुलना करायची तर आजचा आकडा तीन दिवसांपूर्वीच्या आकड्याशी करा, मधले सोडा.

लेजरसारख्यांच्या ऑनलाइन पॅनेलला काटेकोर अर्थाने त्रुटीची मर्यादा लावताच येत नाही, कारण नमुना यादृच्छिक नाही. म्हणून त्या चाचण्या वाईट असं मुळीच नाही, लेजरची कामगिरी चांगली आहे. फक्त तळटीप वाचा.

कायद्याची एक सोय फार कमी लोक वापरतात. निवडणूक काळात चाचणी पहिल्यांदा छापणाऱ्याने (आणि पुढच्या २४ तासांत पुन्हा छापणाऱ्यानेही) पैसे कुणी दिले, चाचणी कुणी केली, कुठल्या तारखांना, किती लोकांशी संपर्क केला, लागू असेल तर त्रुटीची मर्यादा, हे सगळं द्यावंच लागतं. यात तारखा सगळ्यात आधी बघायच्या. नेत्यांची इंग्रजी वादचर्चा १७ एप्रिलला झाली. १५ ते १८ एप्रिलच्या चाचणीवरून "चर्चेचा परिणाम" काढणाऱ्याकडे दुर्लक्ष करावं.

पडवी · दुपारी ३:५८

फ्रेंच चर्चा आदल्या दिवशी होती आणि मॉन्ट्रिअल कॅनेडियन्सचा हॉकीचा सामना त्याच वेळी आला म्हणून चर्चाच अलीकडे ओढली. क्युबेकात कशाला किती भाव आहे ते पंडितांपेक्षा आयोजकांना जास्त कळतं.

झणझणीत · दुपारी ४:२५

चर्चेवरून आठवलं. आगाऊ मतदान १८ ते २१ एप्रिल, ईस्टरच्या सुट्टीत. ७३ लाख लोकांनी मत टाकलं, विक्रम. एकूण मतदानाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. आणि कन्झर्व्हेटिव्हांनी खर्चाच्या आकड्यांसह पूर्ण जाहीरनामा काढला कधी? २२ एप्रिलला! लिबरल आणि एनडीपी तरी कुठे शहाणे, १९ तारखेला. शेवटच्या आठवड्यात धमाका करायचा हा जुना खाक्या २८ एप्रिल हाच मतदानाचा दिवस धरून चालतो. आता मतदान दीड आठवडा चालतं. ज्याने ही तारीख ठरवली त्याला मोहिमेतून घरी पाठवायला हवं, आणि यावर टीव्हीवर पाच मिनिटंसुद्धा खर्ची पडली नाहीत. त्याऐवजी काय, तर सभेला किती माणसं आली.

रानजाई · दुपारी ४:५०

सभांबद्दल अगदी. एडमंटनजवळ हार्पर आले त्या सभेला हजारोंची गर्दी. पण अल्बर्टातल्या ३७ पैकी ३४ जागा कन्झर्व्हेटिव्हांनाच मिळायच्या होत्या आणि मिळाल्या. पॉलिएव ऑगस्टमध्ये पोटनिवडणुकीत निवडून आले त्या बॅटल रिव्हर–क्रोफूटमध्ये पक्षाला ८० टक्क्यांच्या घरात मतं पडतात. पन्नासच्या वरचं प्रत्येक मत जागेच्या हिशेबात वाया. देशभरात जास्त मतं पण कमी जागा, हे कन्झर्व्हेटिव्हांच्या बाबतीत दोनदा झालंच आहे: २०१९ मध्ये ३४.३ टक्के आणि १२१ जागा, लिबरल ३३.१ आणि १५७. २०२१ मध्ये ३३.७ ला ११९, लिबरल ३२.६ ला १६०.

कुंपणावरचा · संध्याकाळी ५:१०

मग मतफुटीचा फायदा कन्झर्व्हेटिव्हांना या वेळी कुठेच झाला नाही का?

हिशेबी · संध्याकाळी ५:४४

झाला. ऑन्टारियोत विंडसर वेस्ट आणि लंडन–फॅनशॉ या एनडीपीच्या कामगारवस्तीतल्या जागा कन्झर्व्हेटिव्हांनी घेतल्या. ब्रिटिश कोलंबियात नानायमो–लेडीस्मिथ तर जेमतेम ३५ टक्क्यांवर. तिथे एनडीपी, ग्रीन आणि लिबरल तिघेही मैदानात टिकले होते. विंडसर–टेकमसी–लेकशोर फेरमोजणीनंतर ४ मतांनी कन्झर्व्हेटिव्हांकडे राहिली.

उलट बाजूला मिल्टन ईस्ट–हॉल्टन हिल्स साउथ लिबरलांना २१ मतांनी, क्युबेकातली तेरबॉन १ मताने. तेरबॉनचं प्रकरण न्यायालयात गेलं, कारण एका मतदाराची टपाली मतपत्रिका पाकिटावरच्या चुकीच्या पत्त्यामुळे परत आली.

म्हणून सरसकट "मतफूट वाईट" किंवा "चांगली" म्हणायला अर्थ नाही. कुठल्या मतदारसंघात कोण दुसरा आहे, तेवढं पाहायचं.

सरळरेषा · संध्याकाळी ६:२०

चार मतं, एक मत म्हटल्यावर प्रत्यक्ष मतदानाच्या दिवसाचं यंत्र कसं चालतं ते लिहायला हवं. टीव्हीवर हे कधीच दिसत नाही.

इलेक्शन्स कॅनडाकडून पक्षांना मतदारयादी मिळते. ती पक्षाच्या संगणकप्रणालीत जाते: कन्झर्व्हेटिव्हांची सिम्स, लिबरलांची लिबरलिस्ट. दारोदार आणि फोनवरून प्रत्येक मतदारापुढे खूण होते: पक्का आपला, कल आहे, अनिश्चित, विरोधी. मतदानाच्या दिवशी केंद्रावरचे अधिकारी, मत देऊन गेलेल्यांचे यादीतले क्रमांक एका तक्त्यावर खोडत जातात. याला बोलीत बिंगो शीट म्हणतात. उमेदवारांचे प्रतिनिधी ती ठराविक वेळाने उचलतात. केंद्राच्या आत त्यांना फोन वापरायला मनाई, म्हणून कुणीतरी कागद बाहेर नेऊन आकडे प्रणालीत भरायचे. पक्क्या यादीतून मत देऊन झालेली नावं वगळली की उरलेल्यांना फोन, दारावर थाप, गाडी हवी का म्हणून विचारणा.

बिघडतं कुठे? एक, खुणा जुन्या असतात. डिसेंबर २०२४ मध्ये "पक्का आपला" म्हटलेला माणूस एप्रिलमध्ये कार्नींकडे वळलेला असेल तर तुम्ही विरोधी मत स्वतःच्या गाडीतून केंद्रावर नेता. या निवडणुकीत चार महिन्यांत कल इतका फिरला की मार्चनंतर यादी पुन्हा तपासली नसेल तर ती धोकादायकच. दोन, आगाऊ मतदान केलेल्यांची नावं वेळेत वगळली नाहीत तर स्वयंसेवक दिवसभर मत देऊन झालेल्यांचीच दारं ठोठावतात. तीन, दुपारी चारपर्यंत तक्ते भरलेच नाहीत तर संध्याकाळची मोहीम आंधळी. ऑन्टारियो-क्युबेकात केंद्रं रात्री साडेनऊपर्यंत उघडी, म्हणजे खरा जोर पाचनंतरच लावायचा असतो.

यातून किती मतं निघतात यावर रणनीतीकारांत वाद आहेत, पण चार मतांच्या जागेत वादाला जागा नाही.

पडवी · रात्री ९:१५

आता सविस्तर. वरच्या चर्चेत एनडीपीचा उल्लेख फक्त कन्झर्व्हेटिव्हांच्या सोयीसाठी येतोय. पक्षाचं नशीब म्हणजे नुसत्या जागा नव्हेत, पैसाही आला.

एनडीपीला ७ जागा. सभागृहात अधिकृत पक्षाचा दर्जा १२ वर मिळतो. तो गेला म्हणजे समित्यांतली हक्काची जागा, प्रश्नोत्तरांतला ठरलेला वाटा आणि पक्ष म्हणून मिळणारा संशोधनाचा निधी गेला. सिंग स्वतः बर्नबी सेंट्रलमध्ये तिसरे आले. दुसरा फटका मतदारसंघात. उमेदवाराला १० टक्के मतं पडली तर निवडणूक खर्चाच्या ६० टक्के परतावा मिळतो; त्यांचे बहुसंख्य उमेदवार त्याखाली राहिले. राष्ट्रीय पातळीवर २ टक्क्यांच्या वर असल्याने पक्षाला ५० टक्के परतावा मिळतो, तेवढाच आधार. प्रतिमत अनुदान २०१५ मध्येच संपलं, आणि कंपन्या-संघटनांच्या देणग्या २००७ पासून बंद. राहिला सामान्य देणगीदार, २०२५ ची वार्षिक मर्यादा १,७५० डॉलर. ४०० डॉलर दिले तर ३०० करातून सुटतात, म्हणून छोट्या देणगीदारांची यादी हीच पक्षाची खरी मालमत्ता. कन्झर्व्हेटिव्ह या बाबतीत वर्षानुवर्षं सगळ्यांच्या पुढे आहेत, आणि "पक्ष संपला" म्हणणाऱ्या पंडितांनी आधी तिमाही देणग्यांचे तक्ते उघडावेत.

"संपला" यावरून. १९९३ मध्ये सत्ताधारी प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्ह १६ टक्के मतं घेऊन २ जागांवर आले. त्याच वेळी फक्त क्युबेकात लढणारा ब्लॉक क्युबेक्वा साडेतेरा टक्क्यांत ५४ जागा घेऊन प्रमुख विरोधी पक्ष. २०११ मध्ये लिबरल ३४ जागांवर, तेव्हा त्यांचे मृत्युलेख लिहून झाले होते. २०१५ मध्ये १८४ आणि बहुमत. अल्बर्टात २०१२ ला सगळ्या चाचण्यांनी वाइल्डरोझ या उजव्या पक्षाला जिंकवलं, पीसींना ८७ पैकी ६१. चाचण्यावाले शेवटच्या दिवसांत मैदान सोडून गेले होते आणि हवा नेमकी तेव्हाच फिरली. ब्रिटिश कोलंबियात २०१३ ला एनडीपी येणार म्हणून मंत्रिमंडळं बनवून झाली, आल्या लिबरल प्रीमियर क्रिस्टी क्लार्क. स्वतःची जागा हरूनही ८५ पैकी ४९. यातल्या कुठल्या चुकीसाठी कुणाची खुर्ची गेली? पुढच्या निवडणुकीला तीच मंडळी त्याच टेबलावर.

कुंपणावरचा · रात्री ९:४०

पडवीताई, जबरदस्त. ब्रॅम्प्टन-मिसिसॉगाकडच्या आपल्या मराठी मंडळींचा एक नेहमीचा प्रश्न: पीआर (कायम रहिवासी) असताना यात काय करता येतं? वॉट्सअपवर काहीही फिरतं.

पडवी · रात्री १०:०५

फेडरल मत फक्त नागरिकाला, वय १८. पीआरला मत नाही. पीआरला देणगी देता येते, नागरिकाइतक्याच मर्यादेत. विद्यार्थी किंवा वर्क परमिटवाल्याला देणगी देता येत नाही, आणि दुसऱ्याच्या नावावर पैसे देणं हा गुन्हा आहे. "तू चेक फाड, मी रोख देतो" असं कुणी म्हटलं तर सरळ नाही म्हणायचं.

लिबरल आणि कन्झर्व्हेटिव्ह पक्षांच्या सदस्यत्वाला वय १४. लिबरल पक्षाने जानेवारी २०२५ मध्ये नेतानिवडीसाठी नियम कडक केला: मत फक्त नागरिक आणि पीआर यांना. आधी कॅनडात राहणाऱ्या कुणालाही चालायचं. परकीय हस्तक्षेपाच्या चौकशीत उमेदवारनिवडीच्या फटी चर्चेला आल्याच होत्या. सुरक्षित मतदारसंघात खासदार कोण हे मुळात तिकिटाच्या मतदानातच ठरतं, आणि तिथे काहीशे मतं खूप झाली. समाजाच्या मंडळांकडे पुढारी चकरा मारतात त्या यासाठी.

अटकमटक · रात्री १०:४८

मस्त चालू आहे. झणझणीत यांचा एनडीपीवाला मुद्दा मान्य, तो माझ्या मांडणीत बसतोच: मोहीम चुकली, पण टेनाइक म्हणाले त्या मोजमापाने नाही. "२५ गुण घालवले" हे ऐकायला सोपं, म्हणून पॅनेलवर टिकलं. "ऑन्टारियोत ४४ टक्के पडूनही समोर ४९ उभे राहिले" याचा मथळा होत नाही.

पण पॉलिएव स्वतःची कार्लटनची जागा चार हजारांहून जास्त मतांनी हरले, ते या हिशेबात कसं बसवायचं? ९१ उमेदवारांची लांबलचक मतपत्रिका हे कारण मला पटत नाही. त्या भरताडाला मतं नगण्य पडली.

झणझणीत · रात्री ११:०२

ओटावाच्या कुशीतला मतदारसंघ, सरकारी नोकरांची घरं, आणि नेता म्हणतो सरकारी नोकऱ्या कमी करीन. यात रणनीतीकार कशाला हवा?

हिशेबी · २१ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

शिवाय सीमा बदलल्या होत्या. यावरून सगळ्यांसाठी एक सूचना, कारण पंडितांचा इथे हमखास गोंधळ होतो.

"कन्झर्व्हेटिव्ह ११९ वरून १४४, पंचवीस जागांची कमाई" असं सगळीकडे लिहितात. २०२१ ला ३३८ जागा होत्या, २०२५ ला ३४३, आणि सीमा नव्या. इलेक्शन्स कॅनडाने २०२१ ची मतं नव्या सीमांवर बसवून आकडे दिले आहेत: लिबरल १५७, कन्झर्व्हेटिव्ह १२६, ब्लॉक ३४, एनडीपी २४, ग्रीन २. तुलना याच्याशी करायची. मग कन्झर्व्हेटिव्हांची कमाई १८, लिबरलांची १२ (१६९ वर), ब्लॉकचं नुकसान १२, एनडीपीचं १७. नोव्हेंबरात कन्झर्व्हेटिव्ह खासदार क्रिस दांत्रमां लिबरलांकडे गेल्यावरचे १७० आणि १४३ हे आकडे यात मिसळू नका.

कार्लटन बघायचं तर इलेक्शन्स कॅनडाच्या संकेतस्थळावरून केंद्रनिहाय निकालाची फाइल उतरवा. आगाऊ मतदानाची केंद्रं साधारण ६०० पासून पुढच्या क्रमांकांत असतात, ती आधी वेगळी काढा, नाहीतर वस्तीवार तुलना फसते. मग जुन्या सीमेतला ग्रामीण भाग एका बाजूला आणि शहराकडून नव्याने जोडलेला भाग दुसऱ्या बाजूला ठेवून बेरीज करा. ज्याला वेळ आहे त्याने तक्ता इथे चिकटवावा, पुढचं त्यावर बोलू.